डावा एक नग, उजवा एक नग

मागच्या खेपेला बूट न्यायला आलेल्या एका सहा वर्षांच्या मुलीनं खोक्यावरची चिठ्ठी बोट ठेवून वाचली होती. नुकतीच वाचायला शिकलेली, दिसेल ते वाचायची. "डावा, एक नग. उजवा, एक नग." मग मान वर करून म्हणाली, "माझा दादा मला म्हणतो, तू म्हणजे एक नगच आहेस. तुम्हाला कसं कळलं?"

आत्या हसल्या खऱ्या, पण तेव्हापासून ती चिठ्ठी त्यांना खुपत होती.

त्यांच्या भावाचा कारखाना दोन पाय सारखे नसलेल्यांसाठी बूट बनवायचा. भाऊ मापं घ्यायचा, कातडं कापायचा. कम्प्युटरवरच्या नोंदी आत्यांकडे. गिऱ्हाईक, ऑर्डर, माप, सगळं कोपऱ्यातल्या सर्व्हरवर. डाव्या-उजव्याची वेगवेगळी नोंद करायची पद्धत आत्यांनीच पाडली होती, आणि चिठ्ठी छापली जायची ती त्या नोंदीवरूनच. आज चार वाजता ती मुलगी नवे बूट न्यायला येणार होती.

"तिच्या एकटीची चिठ्ठी हातानं लिही की," भाऊ म्हणाला.

"आणि तिनं फळीवरची बाकीची खोकी वाचली म्हणजे? विचारेल, माझीच का हातानं? सगळ्यांचीच बदलायची."

"सहाशे बारा गिऱ्हाइकं आहेत, ताई! तुझी बोटं आधीच आखडलेली."

म्हणून आत्यांनी भाचीला बोलावलं. भावाचीच मुलगी, कम्प्युटरचं काम करणारी. ती दुपारी लॅपटॉप घेऊन आली.

"हे बघ आत्या, सर्व्हर म्हणजे खिडकीमागचा कारकून. तू बटणं दाबतेस, तो नोंदी बदलतो. आपण बटणं दाबायचीच नाहीत. ही लायब्ररी आहे ना..."

"लायब्ररी? पुस्तकं कुठायत?"

"पुस्तकं नाहीत गं. हा तयार प्रोग्राम, कारकुनाच्या भाषेत बोलणारा निरोप्या. आपण नाव सांगून आत शिरायचं, मग शोध, वाच, बदल. एवढंच लिहायचं. सहाशे वेळा निरोप देईल, कंटाळणार नाही."

"मग तुझ्या बापापेक्षा बरी. त्याला एकच निरोप सहाशे वेळा द्यावा लागतो."

"ऐकतोय मी," कापायच्या टेबलावरून आवाज आला.

भाचीनं ओळी लिहिल्या. दोन नोंदींची एक करायची आणि 'नग'च्या जागी 'जोडी' घालायची.

"आधी एकावर करून बघ," आत्या म्हणाल्या. "शितावरून भाताची परीक्षा."

एका पोस्टमनची नोंद निवडली. पडद्यावर आलं: जोडी, माप बेचाळीस.

"उजवा कुठाय?"

"जोडी म्हणजे एकच माप ना? मी डाव्याचं घेतलं..." बोलता बोलता भाची थांबली. तिचे कान लाल झाले. "लहानपणापासून इथे वाढले, आणि मीच असं केलं."

"सगळं जग तसंच करतं, बाळा. म्हणून तर आपलं दुकान चालतं," आत्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "बदलण्याआधी वाचलेलं जुनं माप आहे ना तुझ्याकडे?"

होतं. पोस्टमनची नोंद पहिल्यासारखी झाली. मग भाचीनं ओळी नव्यानं लिहिल्या. आधी दोन्ही मापं एका नोंदीत लिहायची, ती परत वाचून ताडायची, आणि मगच उजव्याची जुनी नोंद बाजूला ठेवायची, पुसायची नाही. या वेळी पोस्टमनचे दोन्ही पाय जागेवर आले. भावानं येऊन पाहिलं आणि तो परत कापायला लागला. म्हणजे पसंत.

नावं भराभरा पडद्यावरून वर सरकू लागली. शेवटी नऊ उरली. जोडीदार नोंद सापडत नाही, असा निरोप.

"चुकलं काहीतरी," भाची म्हणाली.

आत्यांनी नावं वाचली. "नाही गं. यांना एकच बूट लागतो."

"मग यांना नगच ठेवायचं?"

आत्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "लिही, 'बूट, एक'. आहे तेच लिहायचं. कसं लिहितात ते दाखव, मीच लिहिते."

आखडलेल्या बोटांनी त्यांनी ती एक ओळ लिहिली. पाच मिनिटं लागली. भाचीनं मधे हात घातला नाही.

नव्या चिठ्ठ्या छापून फळीवरच्या खोक्यांना लावल्या. चारला मुलगी आली. आधी फळीवरची खोकी वाचून झाली: जोडी, जोडी, बूट एक, जोडी. मग स्वतःचं. "जोडी. डावा अठ्ठावीस, उजवा एकतीस." तिनं आत्यांकडे संशयानं पाहिलं. "पण हे सारखे कुठे आहेत?"

"नाहीत."

"तरी जोडी?"

"तरी जोडी. एकाशिवाय दुसरा चालतो का?"

मुलीनं जरा विचार केला आणि खाली बसून डावा पाय पुढे केला. "मग घाला."