डाव्या हाताची वसंतपंचमी

ओल्या हातमोज्यांचा वास, खिचडीची वाफ आणि पाटीवर खडू घासल्याची करकर. नीलिमादी आठवल्या की कॅनडातल्या एडमंटनमधल्या त्या बेसमेंट हॉलातली वसंतपंचमी अशी अंगावर येते. बाहेर गुडघाभर बर्फ, वृक्ष निष्पर्ण, प्रकाश मलूल; आणि आत या बाई जाड पार्का कोटाखाली वासंती पिवळी साडी नेसून, वसंताला यायचंच आहे अशा तोऱ्यात.

त्या माझ्या शेजारीण. दिवसभर ग्रोसरीच्या काउंटरवर उभं राहायचं आणि उरलेल्या आयुष्यात बंगालीतून कविता नि गद्य लिहायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. "इथे बंगाली कोण वाचणार?" असं पोटचा मुलगाच विचारायचा. त्या म्हणायच्या, "नदी गोठली म्हणून काय तिचं नाव बदलतं?"

मग एका हिवाळ्यात पक्षाघाताने त्यांचा उजवा हात निकामी केला. मुलगा म्हणाला, "मा, फोनवर डिक्टेट कर ना." त्यांनी फोन पालथा ठेवला. ओळ जिभेला नाही, हाताला सुचते, यावर त्या अडून बसल्या. हात गेला म्हणजे आपल्यातली कवयित्री गेली, ही धास्ती त्यांनी एकदा चहा निववताना मला बोलून दाखवली.

बंगाल्यांत वसंतपंचमीला चिमुरड्यांना सरस्वतीपुढे बसवून पहिलं अक्षर गिरवून घेतात. मोठ्यांनी मात्र त्या दिवशी पुस्तकं देवीच्या पायाशी ठेवायची, लेखणीला शिवायचं नाही. नीलिमादी सरळ त्या पोरांच्या रांगेत पाटी घेऊन बसल्या. पुजारी, एरवी ऑफिसात हिशेब बघणारे सज्जन गृहस्थ, गांगरले. "दीदी, तुम्ही? तेही डाव्या हाताने, देवीसमोर?"

"उजवा तिलाच वाहिला होता. तिने ठेवून घेतला. आता हा आहे."

मी बौद्ध माणूस. देवीशी माझं देणंघेणं नाही, मी आपला त्यांना गाडीतून घेऊन गेलो होतो. पण पाटी कुणाच्या हाती द्यायची हे भलत्यानेच ठरवायचं, हे दुखणं आमच्या घराने पिढ्यान्पिढ्या सोसलंय. माझं डोकंच फिरलं. मांडीवरून घसरणारी त्यांची पाटी मी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि म्हटलं, "लिहा, दीदी."

अक्षर उमटलं, वेडंवाकडं, बाजूच्या चिमुरडीच्या अक्षरासारखंच. तिने डोकावून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाली, "गुड जॉब." नीलिमादी सगळ्यांदेखत रडल्या. पुजाऱ्यांनी त्यांच्यापुढेही प्रसाद ठेवला.

शेवटचं पुस्तक त्यांनी त्याच हाताने लिहिलं. यंदा त्या नाहीत. त्यांच्या दारापुढचा बर्फ मी सवयीने फावड्याने उपसतो आणि मान वर करून खिडकीकडे बघतो. काळ सगळं पुसतो म्हणतात. पुसू दे की. पुसल्या पाटीवर पुन्हा पहिल्यापासून लिहिता येतं, हे पोरांच्या रांगेत खाली बसून दाखवणारं माणूस मात्र आता त्या खिडकीत नसतं.