टंगस्टनच्या चोवीस वड्या

शिवमूर्तीला चहाचा ठसका लागला तो डॉक्टर व्यंकटरावांच्या एका वाक्यानं. वाक्य साधंच होतं. "या वड्यांना माणसाच्या बोटाचा घाम जरी लागला, तरी सगळी मेहनत मातीत."

"काय काका, गरम लागला का?" पंचफुलानं विचारलं.

"हाव, गरम हाय," शिवमूर्ती म्हणाला. चहा कधीचाच निवला होता.

घामाचं सोडा हो! या गृहस्थानं त्या चोवीसच्या चोवीस वड्यांना, एकेकीला, तीन तीन बोटं विभूती लावली होती.

आता ही भानगड काय ती नीट सांगायला हवी. उदगीरच्या एमआयडीसीत गुरुपादप्पाचं वर्कशॉप होतं. ऑइल मिलचे रोलर, ट्रॅक्टरचे पार्ट, साखर कारखान्याच्या पंपांचे शाफ्ट, असली कामं चालायची. दोन हजार पंधराच्या दुष्काळात कारखाने गार पडले, ट्रॅक्टर दारात उभे राहिले, आणि लेथवर धूळ बसायला लागली. तेवढ्यात हे काम आलं. डॉक्टर व्यंकटराव मूळचे नांदेडचे, गुजरातेतल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. संस्थेला टंगस्टन नावाच्या धातूचे चोवीस ठोकळे अगदी काटेकोर मापात घासून हवे होते. बाकीचे पुण्याला द्या, हैदराबादला द्या म्हणत होते, पण हा माणूस अडून बसला, की माझ्या मराठवाड्यात होईल हे काम. ठोकळे बर्फीच्या वडीएवढे, म्हणून वर्कशॉपमध्ये त्यांचं नाव वड्या पडलं. धातू मात्र मोठा आडमुठा. वजन लोखंडाच्या दुप्पट-तिप्पट, आणि जरा जोर जास्त झाला की काचेसारखा काठ उडायचा. एकतीस वर्षं ग्राइंडिंग मशीनवर काढलेल्या शिवमूर्तीनं डोळ्यांत तेल घालून अडीच महिन्यांत त्या वड्या घासल्या.

पुढचं काम पंचफुलाचं. लोहा तालुक्यातली पोरगी, नांदेडच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकलेली, या वर्कशॉपमधली पहिली बाई तपासनीस. हातमोजे घालून ती वड्या शुद्ध पाण्यानं धुवायची, स्पिरिटनं पुसायची, निळ्या दिव्याखाली धरून डाग राहिला का बघायची आणि काचेच्या कपाटात कुलपात ठेवायची. पिशव्यांत घालून सील करणं तेवढं बाकी होतं. दसऱ्याच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी ती दोन दिवस आधीच नांदेडला गेली, आणि जाताना कपाटाची किल्ली शिवमूर्तीला देऊन गेली. "तुमच्यावाचून कुणावर भरवसा ठेवू, काका?" म्हणाली.

आणि खंडेनवमीला काकांनी काय करावं? सकाळी आंघोळ करून आले. लेथला, ड्रिलला, पान्या-हातोड्यांना, मोडक्या वजनकाट्याला सुद्धा विभूतीचे पट्टे ओढले. नवमीला यंत्राबरोबर घडवलेला मालही पुजायचा, ही त्या वर्कशॉपची रीत, गुरुपादप्पाच्या वडलांपासूनची. शाफ्ट पुजले, रोलर पुजले. मग काचेआड त्या वड्या दिसल्या. सगळ्या घरादाराला नवे कपडे आणि हीच लेकरं तेवढी उघडी, असं त्याच्या जिवाला वाटलं. किल्ली खिशातच होती. नंतर धुतलेल्या पंच्यानं वड्या पुसल्या सुद्धा त्यानं. पुसलं की झालं, अशी भाबडी समजूत.

दसऱ्यानंतर पाच दिवसांनी आज व्यंकटराव स्वतः जीप घेऊन माल न्यायला आले होते. दोन वाजता निघणार होते. आता साडेअकरा झाले होते, आणि ते सगळ्यांना खुर्च्यांवर बसवून कौतुकानं सांगत होते.

"सूर्यात जे चालतं ते आपल्याला भट्टीत करायचंय. हायड्रोजनचे अणू एकमेकांत मिसळवायचे. कोळसा नको, धूर नको. पण ताप कोट्यवधी अंशांचा. असला विस्तव कोणत्या चुलीत ठेवणार? म्हणून तो चुंबकाच्या जोरावर अधांतरी धरायचा. तरी तळाला झळ लागतेच. तिथं टंगस्टन बसवतात. तोही सुखानं टिकत न्हाई बरं का! त्या विस्तवातून हेलियम निघतो, धातूत शिरून बुडबुडे धरतो, आणि चकचकीत टंगस्टनवर बुरशीसारखी लव उगवते. जगभरचे लोक सध्या यावर डोकं फोडून घेऊन राहिलेत."

"मंग या वड्या थेट त्या सूर्यात जाणार?" गुरुपादप्पानं छाती फुगवून विचारलं.

"आधी परीक्षा. तांब्याच्या नळीवर आम्ही या चिकटवणार. नळीतून दाबाचं पाणी खेळवायचं, आणि वरून भयंकर ताप द्यायचा. तिळाएवढी जागा चिकटायची राहिली तर ताप तिथंच कोंडतो. वडी सुटली, तांबं वितळलं, नळी फुटली, की पाणी यंत्रात. माणसं भिंतीआड असतात, पण यंत्र वर्षभर बंद. आणि नाव जाणार माझं न् उदगीरचं."

शिवमूर्तीनं तरी विचारलंच. "न् समजा साहेब, राखबीख लागली आसंल तर?"

"राख?" व्यंकटराव हसले. "राखेत चुना, क्षार. ती तर विषच! सांधा धरणारच न्हाई."

सगळे हसले. शिवमूर्तीही हसला, आणि त्याच्या बनियनच्या आतून घामाचा ओघळ कंबरेपर्यंत गेला. शिवा शिवा, हे काय करून बसलो! बोटांकडं बघायचीही त्याला भीती वाटायला लागली. सांगावं तर एकतीस वर्षांची नोकरी जाणार, रिटायर व्हायला तीन वर्षं राहिलेली. न सांगावं तर तिकडं नळी फुटणार. डोळे मिटले की फुटलेली नळीच दिसायची.

एकच आशा होती. पंचफुला नांदेडहून आल्यावर कदाचित तिनं वड्या पुन्हा धुतल्या असतील. ती लाकडी पेटीत कापूस भरत होती. तो तिच्याजवळ गेला.

"पोरी, दसऱ्यानंतर पुन्हा एकदा धुतल्यास का गं वड्या?"

पंचफुलाचा हात थांबला. "पाणी कुठं हाय काका?" ती म्हणाली आणि पुन्हा कापूस भरायला लागली.

खरंच की! दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा धुवायला शुद्ध पाण्याचे दोन कॅन मागितले होते. गुरुपादप्पा तिच्यावर सगळ्यांदेखत ओरडला होता. "गावाला पंधरा पंधरा दिस नळ न्हाई, बायाबापड्या टँकरखाली डोकी फोडून घेऊन राहिल्यात, न् तू धातूला आंघोळी घाल! एकदा धुतलं न्हवं? बास!" मग ती सील करून, सही करून मोकळी झाली होती.

सव्वाबारा वाजले. शिवमूर्ती गुरुपादप्पाच्या केबिनमध्ये गेला आणि दार लोटून घेतलं. मालक फोनवर होते. विषय नेहमीचाच, उदगीर जिल्हा कधी होणार. कृती समितीत ते पुढं होते. सव्वीस जानेवारीला घोषणा होणार, अशी त्यांना पक्की खबर होती. दर वर्षीच असायची म्हणा! जिल्हा झाला की नवी एमआयडीसी, नवा प्लॉट, आणि 'सूर्याच्या भट्टीला माल देणारे गुरुपादप्पा' असा फलक.

"अप्पा, माझ्या हातून चूक झाली," शिवमूर्ती म्हणाला आणि सगळं सांगून टाकलं.

गुरुपादप्पाचा चेहरा विभूतीपेक्षा पांढरा पडला. "सुम्मनिरु!" तो कानडीत खेकसला. भ्याला की त्याची मराठी सुटायची. "गप ऱ्हा! एक अक्षर तोंडातून काढू नको. तुला कुणी बघितलं?"

"न्हाई."

"मंग झालं तर. परीक्षेत पास झाल्या तर शिवाची कृपा."

"न् न्हाई झाल्या तर?"

गुरुपादप्पानं टेबलावरचा कागद बोटानं पुढं सरकवला. तपासणीचा दाखला होता. खाली पंचफुलाची सही. "कपाटाची किल्ली कुणाकडं असती? सही कुणाची हाय? कुणी इचारलं तर हे दाखवू. तू आपला माणूस हायस, शिवमूर्ती. तुला वाऱ्यावर सोडीन व्हय? जा, पाणी पी."

तो बाहेर आला. पाणी प्यायला माठाशी गेला, पण माठात तळाला गाळ होता. आतापर्यंतची भीती बरी म्हणायची, अशी ही नवी भीती होती. काका काका करणारी पोर, भरवशानं किल्ली देऊन गेलेली, आणि तिच्या गळ्यात ही धोंड बांधायची! पुन्हा वाटायचं, तुझं काय जातंय? अप्पानं तुला घर बांधायला जागा दिली, बायकोच्या ऑपरेशनला रात्रंदिवस गाडी दिली. आपल्या माणसाच्या विरुद्ध जाशील? तो मशीनपाशी जाऊन बसला, उठला, पुन्हा बसला. एक वाजला, दीड वाजला. दोघांनी पेटी उचलून जीपमध्ये ठेवली, तेव्हा तो पुन्हा उठून उभा राहिला.

व्यंकटरावांनी गुरुपादप्पाशी हात मिळवला. ड्रायव्हरनं जीप सुरू केली.

"साहेब, थांबा! पेटी उतरवा," शिवमूर्ती ओरडला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "नवमीला मी वड्यांना विभूती लावली. चोवीसच्या चोवीस."

व्यंकटराव आधी हसले, थट्टा वाटली त्यांना. मग हसू विरलं. गुरुपादप्पानं कपाळावर हात मारून घेतला. ड्रायव्हरनं जीप बंद केली.

"पण तपासणी झाली ना? निळ्या दिव्याखाली दिसायला पाहिजे होतं." व्यंकटराव पंचफुलाकडं वळले. "सही तुमची आहे."

याचा विचार शिवमूर्तीनं केलाच नव्हता. खरं सांगून तिला वाचवायला निघाला होता, आणि तिलाच पुढं ढकलून बसला.

"तिला कसं दिसंल साहेब?" तो घाईघाईनं म्हणाला. "तिनं तपासून पिशव्या बंद केल्या, मंग मी उघडल्या."

"नवमीला? दाखल्यावर सीलची तारीख दसऱ्यानंतरची आहे. तेव्हा पिशव्या तरी बंद होत्या का?"

"व्हत्या... म्हंजे... मीच पुन्हा सील..." एकतीस वर्षांत मापात केसाची चूक न केलेला माणूस दोन वाक्यांत उघडा पडला.

"न्हाई साहेब, काका खोटं बोलून राहिलेत." पंचफुला पुढं आली. "मला दिसलं व्हतं. नांदेडहून आल्या दिवशीच. एकेका वडीवर तीन तीन रेघा. म्हणून तर पाणी मागितलं. ते मिळालं न्हाई, न् कशाला पाहिजे ते सांगायची माझी छाती झाली न्हाई. डोळे मिटून सही केली. चार रात्री झोपले न्हाई मी."

"अहो, पण का? कुणाला भ्यालात?" व्यंकटराव चिडले होते.

सगळ्यांच्या नजरा गुरुपादप्पाकडं गेल्या. तो चपलेकडं बघत होता. पंचफुलानं मात्र त्याच्याकडं बघितलं नाही.

"काकांना," ती म्हणाली.

"मला?" शिवमूर्तीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "मला गं? मी तुला कधी एक वाकडा शब्द तरी बोललोय का?"

"न्हाई बोलले. किल्ली द्यायला तुमच्यावर भरवसा हाय, तो हायच. पण तुमची विभूती धुऊन काढायला पाणी द्या, असं मी म्हणायचं? मी? मागल्या साली माल भरताना आमच्या समाजाच्या एका हमालाचा पाय विभूतीच्या डब्याला लागला. तुम्ही त्याच्या कानफटात मारली. 'शेवटी जात दाखवलीच,' म्हणाले. मी हातभर अंतरावर उभी व्हते, काका."

शिवमूर्ती आठवायला लागला. हमाल कोण होता, त्याचं नाव काय, काही आठवेना. चापट तेवढी आठवली, आणि नंतर निवांत डबा खाल्लेला आठवला. दिवसभर तो नोकरीला भ्याला, मालकाला भ्याला, त्या लांबच्या नळीला भ्याला. आपल्यालाही कुणी भिऊन असेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"पेटी उतरवा," व्यंकटराव थकल्या आवाजात म्हणाले. "वड्या पुन्हा धुवाव्या लागतील. शुद्ध पाणी मी हैदराबादहून मागवतो."

पेटी जड होती. एका बाजूला पंचफुलानं हात घातला. दुसरी बाजू धरायला शिवमूर्ती पुढं झाला, तशी ती पेटी सोडून दोन पावलं मागं सरकली.