दीड सेकंद

एकेचाळिसाव्यांदा इंजिनिअरने यंत्राची वायर भिंतीतून उपटली. पडदा काळा झाला. मनात दहा मोजून त्याने ती परत खोचली आणि यंत्र जागं होईपर्यंत पँटला तळवे पुसत उभा राहिला.

पडद्यावर चाचणीसाठी रचलेल्या खोट्या रुग्णाचं पान उघडलं. इंजेक्शनची नोंद त्यात नव्हती. वायर उपटण्याआधी मात्र त्याने स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं : 'नोंद झाली.' आधीच्या चाळीस वेळा सगळं शाबूत राहिलं होतं.

ही साठवणीची व्यवस्था त्याचीच होती. अतिदक्षता विभागातली यंत्रं सेकंदाला शेकडो आकडे ओततात. बाजारातले तयार डेटाबेस त्यांच्यापुढे धापा टाकत. म्हणून चार वर्षं खपून त्याने स्वतःची घडवली. लिहायचं तर सगळं, नाहीतर काहीच नाही, हा तिचा कणा. पण कुठे किती कडक राहायचं, हे ठरवायची मोकळीक तिच्यात होती. पडदा अडकतो म्हणून सिस्टर लोकांनी तक्रार केली, तेव्हा त्याने एक गाठ सैल केली : 'नोंद झाली' हा संदेश आधी, डिस्कवरचं लिखाण मागाहून. गर्दी असली तर फार तर दीड सेकंद उशिरा.

"दीड सेकंदात काय आभाळ कोसळतंय?" असं तेव्हा तोच म्हणाला होता.

महिन्यापूर्वी, दुपारी पाळी बदलताना, वीज क्षणभर गेली. एका सिस्टरने इंजेक्शन दिलेलं होतं, पण पडद्यावर नोंद नव्हती. पुढच्या पाळीच्या सिस्टरने तेच पुन्हा दिलं. रुग्ण बाई, दोन लेकरांची आई, दिवस मावळायच्या आत गेली. पहिली सिस्टर निलंबित झाली. मी नोंद केली होती, असं ती जीव तोडून सांगत राहिली.

त्याच्या मॅनेजरबाईंनी त्याचं ऐकून घेतलं आणि दार लोटलं.

"एकेचाळिसात एकदा! हे तू चौकशी समितीपुढे बोललास, तर तुझ्यासकट आपण सगळे घरी बसू. नियमपुस्तिकेत लिहिलंय ना हे?"

"लिहिलंय. पान एकशे बारा. सिस्टर ते वाचेल, असं लिहितानाही मला वाटलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी तो समितीपुढे पंधरा मिनिटं उभ्याउभ्याच बोलला. एकदा आवाज फाटला, तेव्हा पाणी प्यायला.

"म्हणजे नोंद केलेली असू शकते?" अध्यक्षांनी विचारलं.

"असू शकते."

सिस्टरचं निलंबन तिथल्या तिथे उठलं. मॅनेजरबाईंनी बाहेर येताच त्याच्यापुढे हात पसरला. त्याने गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यावर ठेवलं.

व्हरांड्याच्या टोकाला सिस्टर उभी होती. महिन्याभरात तिचे खांदे ओघळले होते.

"सासूबाई माझ्या हातून रक्तदाबाची गोळीसुद्धा घेत नव्हत्या," ती म्हणाली. "आज घेतील."

"चूक माझी होती, सिस्टर."

तिने पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

"एक विचारू, साहेब? त्या यंत्रात कुठे तळाशी काही उरतं का? म्हणजे, मी नोंद केली होती की नाही, ते कळेल असं?"

"नाही."

"काहीच नाही?"

"अर्धवट काही उरूच नये, अशीच रचलीय ती व्यवस्था."

तिने मान हलवली.

"पहिल्या दिवशी मला आठवत नव्हतं," ती हळू म्हणाली. "सांगून सांगून आठवायला लागलं. आता तर पडद्यावरची अक्षरंसुद्धा दिसतात."

लिफ्ट आली, दार उघडलं. आत कोणीच गेलं नाही, तसं ते आपोआप मिटलं.