लिंबानं शिजलेला मासा

थोंगसायला काहीच दुखत नव्हतं, हीच अडचण होती.

"देवळाच्या आवारात सोनोग्राफीची गाडी आलीय," गावची आरोग्यसेविका बुनफेंगमावशी पायरीवरूनच म्हणाली. "चाळिशी उलटलेल्यांनी यायचंय. चल, पोट दाखव."

"मावशी, मी काय पोटुशी आहे?"

त्याची बायको खाम्फान खुदकन हसली. थोंगसाय तळ्यातला ताजा मासा बारीक चिरून त्यावर लिंबू पिळत होता.

"कच्चा आहे तो," मावशी म्हणाली.

"लिंबानं शिजलाय. बघ, पांढरा पडला."

"रंग बदलतो, आतला जंत मरत नाही. तो यकृतातल्या पित्ताच्या नळ्यांत वर्षानुवर्षं राहतो. मग तिथंच कॅन्सरची गाठ धरते, मुकाट."

"जंताची गोळी मागंच घेतलीय की."

"गोळी घेऊन परत कच्चंच खायचं, म्हणजे घर झाडून दार उघडं टाकायचं."

"तुमचं यंत्रच अपशकुनी. शेजारच्या फूआननं त्यात पोट बघितलं, तीन महिन्यांत गेला."

"तो काविळीनं पिवळा पडल्यावर आला होता रे. यंत्रानं मारलं नाही, उशिरानं मारलं."

खाम्फाननं मांडीवरच्या लेकीला, कुंगला, भाताचा गोळा भरवला. 'जाऊन या हो' एवढं ती म्हणू शकली असती. म्हणाली नाही.

पुढच्या वर्षी गाडी आली तेव्हा थोंगसायचा पट्टा दोन भोकं आत गेला होता. उजव्या बरगडीखाली जड वाटे. सोनोग्राफीत यकृतात एक डाग दिसला, त्यामागच्या नळ्या फुगलेल्या. शहरात शिरेतून औषध सोडून स्कॅन केला. पडद्यावर गाठीची कड उजळली, मधला भाग काळाच राहिला. यकृताच्या दुसऱ्या बाजूलाही ठिपके होते.

"नखाएवढी असताना दिसली असती, तर कापून काढली असती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नखाएवढी कधी होती?" खाम्फाननं विचारलं.

"ते सांगता येत नाही."

खाम्फानला मात्र गेल्या वर्षीचं आपलं ते हसू आठवलं.

थोंगसायच्या अंत्यविधीच्या दिवशी अंगणात थोरले दीर पाहुण्यांसाठी मासा चिरत होते. कच्चाच. "त्याच्या आवडीचा," ते म्हणाले. लिंबू पिळलं. कुंगनं वाडग्यात हात घातला.

खाम्फाननं तिची बोटं पुसली, वाडगा उचलला आणि सगळा मासा तापल्या कढईत ओतला.

"अगं, पाहुणे काय म्हणतील? शिजवलेलं म्हाताऱ्यांना देतात!"

"म्हातारं तर होऊ दे आधी कुणाला तरी, दादा."

मावशीनं पुढं होऊन कढईवर झाकण ठेवलं. तो मासा सगळ्यांनी खाल्ला, कुणी चांगला म्हटलं नाही.

पुढच्या खेपेला गाडी आली तेव्हा दीर स्वतःच रांगेत उभे होते. खाम्फान सोबत गेली. त्यांचं यकृत स्वच्छ निघालं. घरी येऊन ती त्या दिवशी पोटभर रडली.

बायांनो, बाप्यांनो, ज्याला दुखतं तो आपल्या पायानं जातो, आणि बहुतेकदा उशिरा पोचतो. ज्याला दुखत नाही, त्याला हाताला धरून न्यावं लागतं. त्यानं विनोद केला तर हसा, पण हात सोडू नका.