डावीकडचं यंत्र

इंग्लंडची गाडी फ्रान्सच्या रस्त्याला लागली की चालवणारा उजवीकडे आणि टोलनाक्याचं यंत्र डावीकडे. एकतीस उन्हाळे क्लिफर्डचं त्यामुळे काही अडलं नव्हतं, कारण डावीकडे त्याची बायको बेरिल बसायची. बोटीतून उतरल्यावर पहिला नाका आला की ती काच खाली करून चिठ्ठी ओढायची आणि पर्समध्ये जपून ठेवायची.

या वर्षी मात्र बेरिलला अधूनमधून माणसं ओळखू येईनाशी झाली होती. आईला आता संस्थेत ठेवू या, असा त्यांच्या मुलीने, हेदरने, धोशाच लावला होता. क्लिफर्डही हट्टी. नेहमीसारखे गाडीने फ्रान्समधल्या तळ्यावर जाऊन तीन आठवडे नीट राहून आलो तर तो विषय बंद, असं त्याने तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

"पण तिकडून मदतीचा एक जरी फोन आला ना बाबा, तर मग मी सांगेन ते ऐकायचं," हेदर म्हणाली होती.

पहिल्या नाक्यावर त्याने गाडी यंत्राला अगदी लगटून उभी केली आणि म्हटलं, "बेरिल, चिठ्ठी." तिने यंत्राकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवले. तो तिच्यावरून वाकला, पण पोट आडवं आलं आणि हात वीतभर कमी पडला. मागचा ट्रकवाला भोंगा वाजवू लागला.

शेवटी क्लिफर्ड उतरला. मोठ्या रस्त्यावर उतरताना पिवळं जॅकेट अंगात हवं, हा नियम त्याने पुस्तकात वाचला होता आणि भोंगे वाजत असतानाही या शहाण्याने तो पाळला. गाडीला वळसा घालतो तोच दारं आतून बंद झाल्याचा आवाज आला. इंजिन चालू, फोन आत, बायको आत आणि हा बाहेर.

त्याने काच वाजवली, तिला नावाने हाका मारल्या. ती घाबरून पलीकडे सरकली. आता नाक्यावरचे लोक येणार, पोलीस येणार, हेदरला फोन जाणार. त्याला रडूच यायला लागलं. काय करावं ते न सुचून त्याने यंत्राचं बटण दाबलं. यंत्र पीं करून वाजलं, चिठ्ठी बाहेर आली आणि त्या आवाजासरशी बेरिलने काच चार बोटं खाली घेऊन हात बाहेर काढला.

त्याने चिठ्ठी तिच्या हातात ठेवली.

"फार बरं झालं हो," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याचा हात पोचत नाही इथे."

"कुठे आहेत ते?"

"येईल इतक्यात. मला टाकून जायचा नाही तो. मघाशी कुणीतरी गाडीभोवती फिरत होतं, म्हणून मी कड्या लावून घेतल्या."

क्लिफर्डने गाडीपलीकडे बोट दाखवलं. "आलेत ते. पलीकडच्या दाराशी उभे आहेत. उघडता का?"

गाडीमागे जाऊन त्याने जॅकेट काढलं आणि मग उजव्या दाराशी आला. दार उघडं होतं.

"किती वेळ लावलास रे," बेरिल म्हणाली. "नाक्यावरचा माणूस भला होता म्हणून बरं. पुढचाही असाच निघाला म्हणजे मिळवलं."

"निघेल," क्लिफर्ड म्हणाला. तळ्यापर्यंत अजून पाच नाके होते. जॅकेट त्याने मागे टाकलं नाही, मांडीवरच ठेवलं.