विमानाचं चित्र

हंसाला फोन उचलता येत होता, भावाच्या फोटोवर बोट ठेवून त्याला फोन लावता येत होता, आणि काचेवर वरून खाली बोट ओढून बॅटरी लावता येत होती. बॅटरीचं तिला सुनेनं शिकवलं होतं, कारण बोईसरच्या त्या इमारतीत जिन्याचा दिवा कधी लागायचा, कधी नाही. बोट ओढलं की पडदा उतरल्यासारखी गोल चित्रांची रांग खाली यायची. "बॅटरीचं तेवढं दाबायचं. बाकीच्यांना हात लावलास तर फोन बिघडतो," असं मुलानं, दर्पणनं, बजावून ठेवलं होतं. हंसानं बाकीच्या चित्रांना कधी बोट लावलं नाही.

तिचं सगळं आयुष्य दांडीच्या किनाऱ्यावर बोंबील वाळवण्यात आणि टोपलीनं विकण्यात गेलं होतं. गुडघे गेले तसं दर्पणनं तिला बोईसरला आणलं. तो तारापूरच्या एका रसायनाच्या कारखान्यात ऑपरेटर होता. दोन खोल्यांच्या त्या फ्लॅटमध्ये तिला कमी काही नव्हतं. सून रिद्धी गुणाची पोर होती. फोनवर कीर्तनं लावून द्यायची, पाय चेपायची. घरचा वायफाय होता, त्यामुळे कीर्तन दिवसभर चाललं तरी कुणी काही म्हणत नसे. तरी शनिवारी सकाळी घिवलीच्या भावाशी, कमलाकांतशी, बोलल्याशिवाय हंसाला आठवडा सरल्यासारखा वाटत नसे. नवरा काविळीनं गेला तेव्हा दर्पण सात वर्षांचा होता. त्यानंतर कमलाकांतनं बहिणीला कधी एकटं पडू दिलं नाही. होडीतून आला की पहिला वाटा तिच्या अंगणात पडायचा. दर्पणला पालघरला आयटीआयमध्ये घालायला तोच हात धरून घेऊन गेला होता.

त्या आठवड्यात घरात रिद्धीच्या डोहाळजेवणाची गडबड होती. रिद्धीचे आधी दोन गर्भ गेले होते, दोन्ही चौथ्या महिन्यात. या खेपेला सातवा लागला, तरी ती पोटावर हात ठेवूनच झोपायची. कार्यक्रम रविवारी संध्याकाळी चारला होता. ओटी आधी कुणी भरायची यावर तिच्या माहेरच्या बायका कुजबुजल्या, तेव्हा रिद्धीनं सरळ सांगितलं, "पहिली ओटी माझ्या सासूबाई भरतील. विधवा-बिधवा मला काही सांगू नका. त्यांच्या हातची भरली नाही तर मी पाटावर बसायचीच नाही." हंसा तेव्हा मोरीत जाऊन डोळे पुसून आली.

शनिवारी सकाळी तिनं भावाच्या फोटोवर बोट ठेवलं. रिंग वाजली नाही. काचेवर इंग्रजीत काहीतरी आलं आणि गेलं. तिनं चार वेळा लावून पाहिलं.

"दर्पण, दादाचा फोन लागत नाय रे."

दर्पण आरशासमोर दाढी करत होता. "घिवलीचा टॉवर बंद हाय आई. कंपनीत पण सगळे तेच बोलत होते."

"माझाच फोन बिघडला नसंल?"

त्यानं फोन हातात घेतला, कीर्तन लावलं आणि तिच्यापुढे धरलं. "हे चालतंय ना? मग फोन चांगला हाय."

कीर्तन खरंच चालत होतं. हंसाचं समाधान झालं. पुढच्या दोन दिवसांतही एकही फोन आला नाही हे तिच्या ध्यानात आलं, पण घरात पाहुण्यांची रीघ होती आणि लाडू वळायचे होते.

रविवारी कार्यक्रम झाला. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोका. हंसानं पहिली ओटी भरली. झाकलेल्या दोन वाट्यांपैकी एक रिद्धीनं उघडली, त्यात बर्फी निघाली, मुलगी होणार म्हणून सगळ्या ओरडल्या, आणि हंसा तोंडावर पदर धरून इतकी हसली की तिला ठसका लागला. कुणीतरी फोटो काढला. संध्याकाळी रिद्धीनं तो 'पहिली ओटी सासूबाईंची' असं लिहून व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला ठेवला.

सोमवारी दुपारी हंसा उरलेले लाडू घेऊन समोरच्या दारी गेली. तिथं प्रियदर्शिनी राहायची. ती बीडकडची, तिचा नवरा अणुवीज केंद्रात कामाला. हंसा तिला म्हणाली, "बाय, घिवलीचा टॉवर सुरू झाला काय बघ ना. भावाला फोन लावून दे."

प्रियदर्शिनीनं हंसाच्याच फोनवरून लावला. काचेवर आलेलं वाचलं. मग वरून खाली बोट ओढलं आणि ती थांबली.

"मावशी, हे विमान चालू आहे."

"कसलं विमान?"

"हे बघा, विमानाचं चित्र. हे दाबलं की फोन येत नाही आणि जातही नाही. विमानात बसल्यावर दाबतात."

"मी नाय दाबलं. मी बॅटरीचं तेवढं दाबते."

प्रियदर्शिनी चित्रांकडे बघत राहिली. "आणि बाजूला वायफाय चालू आहे. माझ्या फोनवर विमान दाबलं की वायफायसुद्धा बंद होतं. ते परत वेगळं चालू करावं लागतं." एवढं बोलून आपण नको ते बोललो असं तिच्या चेहऱ्यावर आलं. तिनं घाईनं विमान बंद केलं.

फोन हातातल्या हातात थरथरायला लागला. एकामागून एक मेसेज येत राहिले. कुणाचे किती फोन येऊन गेले, एवढंच त्यांत होतं. प्रियदर्शिनीनं मोठ्यानं वाचलं. हिना, अकरा वेळा. दादा, सहा वेळा. रामनाथ, दोन वेळा. हिना, सात वेळा. पहिला शुक्रवारी संध्याकाळचा, शेवटचा रविवारी पहाटेचा.

हंसानं भाचीला फोन लावला. हिनानं उचलला.

"हिना, काय झालं गं? दादा कुठं हाय?"

"आता फोन करतेस आते? बाबांना काल दुपारी जाळलं."

लाडवांचा डबा तिथंच ठेवून हंसानं पायात चपला सरकवल्या.

घिवलीला ती प्रियदर्शिनीला सोबत घेऊन रिक्षानं गेली. भावाच्या अंगणात बायका बसल्या होत्या. हंसानं उंबऱ्यापासूनच हंबरडा फोडला आणि वहिनीच्या गळ्यात पडायला हात पसरले. वहिनीनं मान वळवली. तिच्याबरोबर कुणी रडलं नाही. एकटीचं रडणं त्या अंगणात इतकं उघडं वाटलं की हंसाला ते आपोआप आवरावं लागलं.

हिनानं पाणी आणून दिलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शुक्रवारी दुपारी जाळं सांधता सांधता कमलाकांतच्या छातीत कळ आली. त्याला बोईसरच्याच दवाखान्यात नेलं होतं. तो दवाखाना तिच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर होता. बाजाराला जाताना तिची रिक्षा त्याच्यावरूनच जायची.

"दोन दिवस शुद्धीत होते बाबा. दार वाजलं की विचारायचे, हंसा आली काय. शुक्रवारी मी आधी दर्पणदादाला फोन केला. बोलला, आईला सांगतो. मग तुझा फोन लागंना म्हणून शनिवारी त्याला परत केला तर बोलला, आई येत नाय, घरात कार्य हाय, अपशकुन नको म्हणते."

"असं बोलला?"

"तुझ्याच तोंडचं म्हणून बोलला. मी बाबांना नाय सांगितलं. आते रस्त्यात हाय, असं सांगत राहिले."

हंसानं अंगणातल्या सगळ्यांकडे पाहिलं. पोटच्या पोराला झाकावं असं तिला क्षणभरही वाटलं नाही. ती म्हणाली, "मला कुणी काय सांगितलं नाय. माझ्या पोरानं माझा फोन बंद करून ठेवला. विमान दाबून ठेवलं. दादा गेला ते मला आज कळलं."

कमलाकांतच्या होडीचा भागीदार रामनाथ ओट्यावर बसला होता. वयानं मोठा, शब्दाचा माणूस. तो म्हणाला, "फोन बंद होता म्हणतेस, अन् काल आमी दादाला जाळून आलो तर या पोरींच्या फोनात तू हसत होतीस. ओटी भरत होतीस, तीबी पहिली. आता पोरावर ढकलतेस?"

प्रियदर्शिनी पुढे झाली. "काका, मी स्वतः बघितलं. विमान चालू होतं."

"दाखवा मग."

प्रियदर्शिनीनं हंसाचा फोन हातात घेतला आणि तिच्या लक्षात आलं की दाखवायला काहीच नाही. विमान तिनंच बंद केलं होतं. त्याची कुठं खूण राहत नाही; मेसेजांत फोन लागला नाही एवढंच होतं, तो कुणी बंद केला ते नव्हतं. अंगणातल्या बायका परक्या बाईकडे बघत होत्या, आणि ती ओशाळून बाजूला झाली.

संध्याकाळी दर्पण कामावरून आला तेव्हा हंसा चपला काढायच्या जागेपाशीच बसली होती. रिद्धी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. घिवलीहून आल्याबरोबर हंसानं तिला सगळं सांगितलं होतं.

"मामा दवाखान्यात हाय ते तुला शुक्रवारी कळलं होतं," हंसा म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

दर्पणनं डबा खाली ठेवला. "आई, तू गेली असतीस तर कार्य झालं असतं काय? ही बोललीच होती, तुझ्याशिवाय पाटावर बसत नाय. दोन पोरं गेलीत आमची. डॉक्टर बोलले, हिला कसलं टेन्शन द्यायचं नाय. घरात रडारड नको म्हणून केलं."

"मला तरी सांगायचं. मी न रडता गेली असते. रात्रीत जाऊन आली असते."

"मला वाटलं मामा बरा होईल. सोमवारी घेऊन जाणार होतो तुला. शपथ."

"अन् अपशकुन नको असं मी बोलले?"

रिद्धी दारातून म्हणाली, "माझं नाव घेऊन केलंस ना हे? मला एकदा विचारलं असतंस तर मी स्वतः त्यांना दवाखान्यात घेऊन गेले असते." आणि ती भिंतीला धरून पलंगावर जाऊन बसली. दर्पण तिच्याकडे धावला, तिनं त्याचा हात झटकला.

नंतर दर्पण आईच्या पायाशी येऊन बसला. रडला. हंसानं त्याला एकच सांगितलं. "दहाव्याला माझ्याबरोबर घिवलीला चल. सगळ्यांसमोर सांग, आईला ठाऊक नव्हतं, मी लपवलं. दुसरं मला काय नको."

"सांगतो," दर्पण म्हणाला. "तुझ्या पायाची शपथ, सांगतो."

हंसानं मधले दिवस त्या एका शब्दावर काढले. जेवली, झोपली, रिद्धीला दूध गरम करून दिलं.

दहाव्याला किनाऱ्यावर पिंड ठेवला होता. वाऱ्यानं धोतरं फडफडत होती. कावळा बराच वेळ शिवत नव्हता. कुणीतरी म्हणालं, बहिणीची वाट बघतोय, आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. हंसा बायकांच्या मागे उभी होती. कावळा शेवटी शिवला. मंडळी घराकडे परतली, अंगणात बसली, तेव्हा हंसानं दर्पणच्या दंडाला धरून त्याला पुढं आणलं.

"माझ्या पोराला काय सांगायचं हाय."

दर्पण उभा राहिला. समोर रामनाथ होता, दांडीचे दोन म्हातारे होते, आणि कारखान्यात त्याच्याच शिफ्टला काम करणारा घिवलीचा भाग्येश होता. दर्पणची नजर भाग्येशवर गेली. त्यानं घसा खाकरला.

"आईला मामाचं कळलं नाय, ते खरं हाय," तो म्हणाला. "तिच्या हातून फोनमधलं काहीतरी दाबलं गेलं. बॅटरी लावताना होतं असं, वय झालं की. मी पण कार्याच्या गडबडीत होतो. कुणाचा दोष नाय."

हंसाला वाटलं, आता पुढचं बोलेल. तो बसला.

"मग ती अपशकुनाची गोष्ट?" हिनानं विचारलं.

"तू रडत होतीस हिना. तुझ्या ऐकण्यात फरक झाला असंल."

हिना ताडकन उठून घरात गेली. हंसाकडं आता सांगायला काही उरलं नव्हतं. सांगून झालं होतं आणि कुणी धरलं नव्हतं. रामनाथनं मान हलवून विडी पेटवली. झालं गेलं, असं कुणीतरी म्हणालं आणि पानं मांडायची हाक आली. वहिनीनं हंसाच्या पानात वाढलं, पण वाढताना पानाकडंच बघत राहिली.

परतताना दर्पणनं मोटारसायकल सुरू करून मागची सीट हातानं पुसली. हंसा त्याच्याजवळून पुढे गेली आणि फाट्यावर एसटीची वाट बघत उभी राहिली. तो बराच वेळ गाडी लावून बाजूला थांबला. मग गेला.

दांडीला परत जायचा विचार तिनं केला. पण तिथलं घर दोन पावसाळे बंद होतं, गुडघे तसे होते, आणि रिद्धीनं तिचे दोन्ही हात धरून सांगितलं होतं की बाळाला पहिली आंघोळ तुम्हीच घालायची. हंसा बोईसरला राहिली.

तीन महिन्यांनी मुलगी झाली. सुखरूप झाली, साडेसहा पौंडांची, डोक्यावर दाट जावळ. हंसानं तिला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं, धुरी दिली, घट्ट गुंडाळून रिद्धीच्या कुशीत ठेवलं. बारशाला घिवलीला निरोप गेला होता. कुणी आलं नाही.

दर्पण रोज कामावरून आला की मुलीला उचलून घेतो, आणि आईच्या तोंडाकडं बघतो. हंसा त्याला जेवायला वाढते. भात संपला तर आणखी घालते. बोलत मात्र नाही. दुकानातून काही आणायचं झालं तर तो समोर बसलेला असतानाच ती सुनेला सांगते, "रिद्धी, त्याला सांग, रॉकेलसारखा वास येतोय त्या तेलाला. बदलून आण म्हणावं."

रिद्धी एकदा त्याच्याकडं बघते, एकदा सासूकडं, आणि निरोप देत नाही. त्यानं ऐकलेलं असतं. तो पिशवी घेऊन खाली जातो.