झोपलेला दिवा

ठिणगीने गाडी फाटकातून आत घेतली, तेव्हा मामा स्टुलावर बसून कालच्या वर्तमानपत्राचा कागद एका लांबट पाटीला गुंडाळत होते. घाईघाईने त्यांनी पाटी कपाटामागे सरकवली. रंगाऱ्याने ती कालच आणून दिली होती. तिच्यावर ठळक अक्षरांत ‘मामा-भाची मोटार गॅरेज’ असं लिहिलं होतं. वर्षाअखेरीस गॅरेजच्या किल्ल्या भाचीच्या हातात द्यायच्या, असं मामांनी मनाशी पक्कं केलं होतं. मामी सोडून कुणाला ते ठाऊक नव्हतं.

“काय लपवतोस रे मामा?”

“तुझ्या लग्नाची पत्रिका. गाडी बंद कर आधी, कान फुटतायत.”

गाडी निळी, खाली बसकी, मागे सायलेन्सरच्या जागी ताटलीएवढं भोक. ठिणगीचं स्वतःचं दुकान मोठ्या रस्त्यावर होतं. गाडीच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम बदलून ती इंजिनाची ताकद वाढवून द्यायची. त्याला ट्यूनिंग म्हणत. लांबून लांबून लोक येत. मामांना त्या धंद्याचं फारसं कौतुक नव्हतं, पण भाचीचं होतं. सहा वर्षांची असताना तिने स्पार्क प्लग हातात धरून विचारलं होतं, “यातून ठिणगी कुठून येते?” त्या दिवसापासून ती ठिणगी झाली. आईने ठेवलेलं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलं.

“इंजिनाचा पिवळा दिवा लागतोय,” ती म्हणाली. “पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलला. तीस किलोमीटरवर पुन्हा हजर. मग हवा मोजायचा सेन्सर बदलला. पुन्हा तेच. स्कॅनर म्हणतो, हवा जास्त, पेट्रोल कमी. गाडीचा मालक, तो गॉगलवाला, चार वाजता ती न्यायला येतोय. उद्या तो बायकोपोरांना घेऊन घाटात जाणार.”

“सेन्सर काय म्हणाला?”

“सांगितलं की. पेट्रोल कमी.”

“मग त्या बिचाऱ्याला का हाकलून दिलंस? खरं बोलला म्हणून?”

ठिणगी ओशाळून हसली. हा धडा तिने पूर्वी शेकडो वेळा ऐकला होता. तक्रार घेऊन आलेल्या पोराच्या थोबाडीत मारायची नाही, आधी पोराचं ऐकायचं, असं मामा सांगायचे. लहानपणी दोघांचा एक खेळ होता. किल्ली अर्धी फिरवली की गाडीतले सगळे दिवे लागतात आणि इंजिन सुरू झालं की आपण ठीक असल्याचं सांगून विझतात. ठिणगी मांडीवर बसून हजेरी घ्यायची. तेलाचा? हजर. बॅटरीचा? हजर. इंजिनाचा? हजर. एखादा नाही लागला तर मामा विचारायचे, “कोण झोपलंय?” आणि ती बोट ठेवून ओरडायची.

मामांनी स्कॅनर जोडला, पण दोषाचा नंबर वाचून ते थांबले नाहीत. “दिवा लागला त्या क्षणीच्या आकड्यांचा फोटो कॉम्प्युटर काढून ठेवतो. तो बघितलास?”

“घाईत राहिला.”

“आता बघ.”

तिने पडद्यावर बोट फिरवलं. इंजिनाचे फेरे मिनिटाला अठ्ठेचाळीसशे. पेडल पूर्ण दाबलेलं. हवा कोंबणारा टर्बो जोरात.

“आता सांग. कुठल्या नळीला चीर असती, बाहेरची हवा आत शिरत असती, तर गडबड कधी दिसली असती?”

“उभ्या गाडीत जास्त. मंद चालताना.” ती थबकली. “उभी असताना तर आकडे छान आहेत.”

“मग?”

“मग जोर लावल्यावरच पेट्रोल पुरत नाहीये.”

“नुसतं म्हणून चालत नाही. मोजायचं.”

त्यांनी पेट्रोलच्या नळीवर दाब मोजायचं मीटर बसवलं, त्याची लांब रबरी नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली आणि मीटर काचेवर वायपरखाली अडकवलं. चालवणाऱ्याला समोर दिसावं म्हणून. ठिणगी स्टीअरिंगवर, मामा शेजारी. गोदामांच्या मागचा चढ रिकामा होता. तिने पेडल दाबलं. पाठ सीटला चिकटली. काचेवरचा काटा चारवर होता. तो वर चढायला हवा होता, त्याऐवजी साडेतीनवर आला, मग तीनवर, मग त्याच्याही खाली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला.

“सोड, सोड पाय!” मामा ओरडले.

तिने गाडी कडेला घेतली. सेन्सर दोन्ही निरपराध होते. मूळ गाडीचा पंप मूळ ताकदीला पुरेल एवढाच. ठिणगीने ताकद जवळजवळ दीडपट केली होती आणि पंप मात्र तोच ठेवला होता.

“आठ माणसांचा स्वयंपाक बाराजणांना वाढतेयस तू,” मामा म्हणाले. “पेट्रोल कमी पडलं की आत भट्टी होते. पिस्टनला भोक पडायला एक मोठा चढ पुरे. मोठा पंप बसव.”

“तो यायला दोन दिवस. त्याला उद्या जायचंय.”

“मग ताकद उतरव. जुना प्रोग्राम टाक आणि सांग त्याला, परत आलास की चढवून देते.”

ठिणगीने स्टीअरिंगवर बोटं वाजवली. “तो मला तोंडावर हसेल, मामा. चार गावांत सांगत फिरेल.”

“हसू दे. चढावर थांबून रडण्यापेक्षा बरं.”

गॅरेजमध्ये परतल्यावर ती लॅपटॉप मांडीवर घेऊन गाडीत बसली. मामा हात धुवायला गेले. साबणाने कोपरापर्यंत तेल काढून ते परत येतायत, तोवर ती लॅपटॉप मिटत होती.

“उतरवलीस?”

“झालं काम.” तिने मामांकडे न पाहता काच वर केली. मग पुन्हा खाली करून म्हणाली, “थँक्यू हं, मामा.”

भाची आभार मानते याचंच मामांना अप्रूप वाटलं. जेवताना त्यांनी मामीला चढावरची गोष्ट काट्यासकट सांगितली. “एक प्रश्न विचारला, की पुढचं उत्तर स्वतः काढते,” ते म्हणाले. मामीने भाजी वाढली आणि म्हणाली, “पाटी लावून टाका मग. कपाटामागे झुरळं खातील.”

तिसऱ्या दिवशी निळी गाडी परत आली ती दुसऱ्या गाडीच्या पाठीवर चढून. मागून गॉगलवाला उतरला. त्याच्या मागे ठिणगी.

“घाटात धूरच धूर,” गॉगलवाला म्हणाला. “बायको, दोन मुलं, अंधार पडत आलेला, दोन तास रस्त्याच्या कडेला उभे होतो. काका, तुमच्यावर विश्वास ठेवून नेली मी गाडी.”

“माझ्यावर?”

त्याने खिशातून कागद काढला. ठिणगीच्या दुकानाचा छापील तक्ता. खाली तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘तपासणी : मामा. दोष नाही.’

मामांनी तो कागद दोनदा वाचला. हे वळण त्यांनीच घोटून घेतलं होतं, इंजिन ऑइलच्या जुन्या डब्यांवर खडूने. त्यांनी ठिणगीकडे पाहिलं. ती गाडीच्या टायरकडे बघत होती.

त्यांनी स्कॅनर जोडला. पडद्यावर एकही दोष नव्हता. इंजिन आतून जळालेलं आणि कॉम्प्युटर म्हणतोय सगळं क्षेम. मामा चालकाच्या सीटवर बसले. त्यांनी किल्ली अर्धी फिरवली.

तेलाचा दिवा लागला. बॅटरीचा लागला. पट्ट्याचा, ब्रेकचा, हवेच्या पिशव्यांचा. मधोमध इंजिनाची जागा काळी राहिली. दोन सेकंदांनी विझायचे ते विझले.

“इकडे ये,” मामा म्हणाले.

ती खिडकीशी आली. त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली.

“कोण झोपलंय?”

“बल्ब गेला असेल.”

“काय चाललंय?” गॉगलवाल्याने विचारलं.

मामांनी त्याला समजावलं. सावकाश, वर्गातल्या मुलाला सांगावं तसं. पेट्रोल पुरत नव्हतं. दिवा ते सांगत होता. ताकद उतरवायला सांगितलं होतं, ती उतरवली नाही. त्याऐवजी दिव्याचंच तोंड प्रोग्राममधून बंद केलं, आणि घाईत एवढं घट्ट बंद केलं, की हजेरीलाही तो आता लागत नाही.

“हे खरंय?” गॉगलवाल्याने ठिणगीला विचारलं.

तिने मान वर केली. आवाज चढवला नाही. “मामा, तुझी ती पांढरी गाडी आठवते? शाळेतल्या बाईंना विकलीस ती?”

मामांचा हात किल्लीवरच राहिला.

“मी नऊ वर्षांची होते. तू डॅशबोर्ड उघडलास. इंजिनाच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलीस. टॉर्च मी धरली होती.” ती थांबली. “मी विचारलं, मामा, हा झोपला का? तू म्हणालास, आपल्या दारातून बाहेर जाईपर्यंत गप्प राहिला की झालं.”

मामांना ती गाडी आठवली. बाई आठवल्या, त्यांची छत्री आठवली. चिकटपट्टी आठवत नव्हती, आणि मग तीही आठवली. दातांनी तोडलेली, कडेला ठिणगीच्या बोटाचा ठसा उमटलेली. शेकडो धडे त्यांनी तिला दिले होते, पुन्हा पुन्हा, समजेपर्यंत. हा एकच एकदा दिला होता.

“तुम्ही दोघं घरचे,” गॉगलवाला वैतागून म्हणाला. “मला मध्ये कशाला घेता? कागदावर नाव कुणाचं ते सांगा.”

ठिणगीने मामांकडे पाहिलं. ती वाट बघत होती. मामांना वाटलं, आता तरी म्हणेल, नाव मी घातलं. त्यांनी बराच वेळ दिला. प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबायची त्यांना सवय होती.

उत्तर आलं नाही.

“माझं,” मामा म्हणाले. “इंजिन मी बांधून देईन. महिना लागेल.”

गॉगलवाला गेला. ठिणगी फाटकापर्यंत गेली, परत वळली. “मामा, मी येऊ का मदतीला? रविवारी?”

“नको.”

“रागावलास?”

“त्या बाईंचं पुढे काय झालं, तुला ठाऊक आहे?”

“नाही.”

“मलाही नाही,” मामा म्हणाले. “कधी विचारलंच नाही.”

ती गेल्यावर त्यांनी जॅक लावून गाडी उचलली. तळाचा बोल्ट सैल करताच जळकं काळं तेल गळू लागलं. त्यात धातूचा चमचमता भुसा होता. तेल धरायचा ट्रे दुसऱ्या गाडीखाली अडकला होता. मामांनी इकडे तिकडे पाहिलं, मग कपाटामागे हात घालून पाटी ओढली, कागद फाडला आणि ती गाडीखाली सरकवली. अक्षरांची बाजू वर.